बलकाच्या रंगाची

विक्रेता सगळं सांगत होता ते राडेकला.
किती अश्वशक्ती, किती सेकंदांत शंभर,
टर्बो नेमका कधी जागा होतो.
मला एवढंच विचारलं,
कॉफीत साखर किती?

म्हटलं, साखर राहू दे. क्लच दाबून बघते.

ओल्गेर्द त्याचं नाव, छातीवर पाटीच होती,
जरा बाजूला सरला.
सीट इतकी खाली की बसले कसली, ओतलेच गेले.
गिअरची मूठ गोल, धातूची, गार.
फेब्रुवारीत ही बोचणार,
बोटांना कळलं माझ्याआधी,
आणि तरी ती सोडवेना.

आई, राडेक म्हणाला,
याच पैशात उंच गाडी येते,
चढायला-उतरायला सोपी. तुझे गुडघे.
संध्याकाळी घरी झेनोन म्हणाला, रंग तरी करडा घे.
आमच्याकडे हौसेला मोल नसतं असं म्हणत नाहीत,
मोल काय ते विचारतात,
आणि मग व्याजाचा दर.

एकतीस वर्षं मी पांढरी व्हॅन चालवली.
वास्क ते पाबियानित्से, अठरा किलोमीटर,
पहाटे साडेतीनला, खमिराच्या वासात.
तिला वळवायचं तर आधी कळवावं लागे,
थांबवायचं तर विनंती.
त्या व्हॅनने कधी त्रास दिला नाही.
हीच तिची तक्रार आहे माझी.

तर ही आली. तीन दारं.
अंड्याच्या बलकासारखी पिवळी,
आमच्या कोंबड्यांच्या नव्हे, बहिणीच्या,
ज्या मका खातात.

आता खरं सांगते.
रोजच्याला ही बाई अवघड आहे.
ट्रामच्या रुळांवरून जाताना दाताखाली दात येतो,
चर्चमागचा दगडी रस्ता मला मणक्यानिशी पाठ झालाय.
पेट्रोल पिते ते महागातलं.
मैद्याची गोणी मागच्या दारातून आत जाते,
पण पाठीशी भांडून.
आणि ईस्टरच्या शनिवारी
साखरेच्या कोकराची ऑर्डर होती, पाद्र्यांच्या घरची.
मी ते सीटवर ठेवलं, पट्टा लावला,
आणि एका वळणावर, कबूल करते,
वळण मला जास्तच आवडलं.
कान तुटला.
अंड्याच्या पांढऱ्यात पिठीसाखर घोटून चिकटवला.
पाद्र्यांची स्वयंपाकीण पानी येमिओवा
बराच वेळ कोकराकडे बघत राहिली,
मग दाराबाहेर उभ्या पिवळ्या गाडीकडे,
आणि पूर्ण पैसे मोजून दिले.

दोनशे घोडे आणि पन्नासची मर्यादा.
राडेक विचारतो, मग उपयोग काय?
मी त्याला सांगत नाही
की तीन चाळीसला, वखारीपाशी,
एक गोल चौक लागतो. कुणीही नसतं.
दिवे पिवळे मिचकावत असतात, झोपेत असल्यासारखे.
मला तिथे सरळ जायचं असतं.
मी एक फेरी मारते.
दुसऱ्या गिअरमध्ये, हात न हलवता,
गाडी रस्त्याला अशी धरून असते
जशी चांगली मळलेली कणीक परातीला धरते
आणि तरी सुटते.
मग दुसरी फेरी.
तिसरी फक्त शुक्रवारी.

मर्यादा मोडत नाही मी. जवळजवळ.

बेकरीच्या अंगणात इंजिन बंद करते.
आत माल्विनाने भट्टी पेटवलेली असते,
रात्रीची राय मोठी पाटीभर फुगून बसलेली.
पण मी लगेच जात नाही.
थंडीत बॉनेट निवत जातं तसतसं आतून
टिक्, टिक्टिक्, टिक्.
भट्टीतून काढलेला पाव फळीवर ठेवला
की कवच तडकायला लागतं ना बारीक,
अगदी तोच आवाज.
तो थांबेपर्यंत पाव कापायचा नसतो,
हे मला आजोबांनी शिकवलं होतं.

म्हणून बसून राहते.
माल्विना खिडकीतून हात दाखवते, काय झालं?
मी बोट वर करते,
एक मिनिट.